'शोला जो भडके'पासून 'हाऊस ऑफ बांबू'पर्यंत : पोरांना नाचवणारी गाणी घडवणारे पुणतांब्याचे अण्णा, सी. रामचंद्र

१९६९ साली अमेरिकेत 'शुगर, शुगर' नावाचं गाणं आलं. शाळकरी पोरांनी ते एवढं डोक्यावर घेतलं की बिलबोर्डच्या त्या वर्षाच्या यादीत ते पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. गाणाऱ्या बँडचं नाव होतं 'द आर्चीज'.

गंमत अशी की, असा कुठला बँडच नव्हता.

आर्चीज म्हणजे कॉमिक्समधली, टीव्हीवरच्या कार्टूनमधली पोरं. गाणं लिहिलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, गायलं रॉन डान्टे नावाच्या स्टुडिओतल्या गायकानं, आणि हा सगळा घाट घातला डॉन किर्शनर या माणसानं. त्याआधी त्यानं 'द मंकीज' या बँडची गाणी ठरवली होती. हा बँड टीव्ही मालिकेसाठी पोरं निवडून तयार केला होता. गाणी दुसऱ्यांनी लिहायची, वाद्यं दुसऱ्यांनी वाजवायची आणि पोरांनी फक्त गायचं नि दिसायचं, अशी वाटणी होती. पुढं पोरं अडून बसली, आमची गाणी आम्हीच वाजवणार म्हणाली, आणि १९६७ साली किर्शनरलाच बाहेर जावं लागलं. मग त्यानं भांडता न येणारा बँड शोधला. कार्टूनचा!

याला तिकडं मॅन्युफॅक्चर्ड पॉप म्हणतात. मराठीत कारखान्यातलं गाणं म्हणा. डेट्रॉइटचा बेरी गॉर्डी तर खरोखर मोटारींच्या कारखान्यात काम केलेला माणूस. १९५९ साली त्यानं मोटाऊन कंपनी काढली आणि गाडी जशी एका टोकाला सांगाडा म्हणून शिरते नि दुसऱ्या टोकानं चकाचक होऊन बाहेर पडते, तसे त्यानं गायक घडवले. १९९८ साली सोळा वर्षांच्या ब्रिटनी स्पिअर्सला जगभर पोहोचवणारं पहिलं गाणं लिहिलं स्वीडनच्या मॅक्स मार्टिननं. आजच्या के-पॉपचा पायाही हाच. पुढं चेहरा कुणाचाही असो, मागं एक माणूस बसलेला असतो. चाल त्याची, वाद्यं कुठली ते तो ठरवणार, कुणी गायचं हेही तोच ठरवणार.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडं कुठं होतं?

होतं की. फक्त आपल्याकडं त्या माणसाला 'प्रोड्युसर' म्हणत नव्हते. आपल्याकडं प्रोड्युसर म्हणजे पैसा लावणारा शेठ. अमेरिकेत रेकॉर्ड प्रोड्युसर जे काम करायचा, ते मुंबईत 'म्युझिक डायरेक्टर' करायचा. आणि तरुण पोरांसाठी मुद्दाम बेतलेलं, ऐकताक्षणी पाय हलवणारं गाणं ज्यांनी हिंदी सिनेमात सगळ्यात आधी सातत्यानं चालवून दाखवलं, त्यांच्यातला सगळ्यात मोठा माणूस मराठी होता. रामचंद्र नरहर चितळकर. सी. रामचंद्र. इंडस्ट्रीत सगळ्यांचे अण्णा.

---

अण्णांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा. गाव पुणतांबे. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. गोदावरीच्या काठावरचं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. गाण्याचं शिक्षण अगदी सरळ रेषेतलं, शास्त्रीय. पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडं आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडं. म्हणजे आमच्या गोंदियापासून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर असलेल्या शहरात या माणसानं सूर पक्के केले, ही गोष्ट विदर्भात फार कमी लोकांना माहीत असते.

पण पोराला व्हायचं होतं हिरो.

१९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' सिनेमात थेट मुख्य भूमिका मिळाली. वय सतरा. सिनेमा पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक कामं सुरू झाली. तिथंच हळूहळू कॅमेऱ्यासमोरून उठून ते हार्मोनियममागं जाऊन बसले. मिनर्व्हात बुंदू खान आणि हबीब खान हे संगीतकार होते, त्यांच्या हाताखाली पेटी वाजवायची.

नापास झालेला हिरो चांगला संगीतकार का होतो, याचं उत्तर मला या काळात दिसतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून गाण्यावर ओठ हलवताना काय अडतं, हे ज्यानं स्वतः भोगलंय, तो चाल बांधताना नटाचा चेहरा डोळ्यासमोर ठेवतो.

संगीतकार म्हणून पहिलं काम मिळालं तेही हिंदीत किंवा मराठीत नाही. तमिळमध्ये! 'जयकोडी' आणि 'वनमोहिनी' हे ते सिनेमे. 'वनमोहिनी' १९४१ चा, जंगलपट, आणि दिग्दर्शक होते भगवान आबाजी पालव.

हे भगवान म्हणजे आपले भगवानदादा. जन्म अमरावतीचा, गिरणी कामगाराचा पोरगा, स्वतःही गिरणीत काम केलेला. मारामारीचे, स्टंटचे स्वस्तातले सिनेमे काढायचा. वऱ्हाडातला हा गडी आणि नगरचा हा पेटीवाला यांची जोडी जमली ती जमलीच. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून अण्णा हिंदीत लोकांच्या नजरेत आले ते भगवानच्याच सिनेमातून.

या काळात अण्णा नावं बदलत काम करत होते. कुठं राम चितळकर, कुठं अण्णासाहेब, कुठं श्यामू. सी. रामचंद्र हे नाव मोठं झालं, तरी गायक म्हणून ते कायम नुसते 'चितळकर' राहिले. रेकॉर्डवर संगीतकार सी. रामचंद्र आणि गायक चितळकर असं छापलेलं असायचं. अनेकांना ही दोन माणसं आहेत असंच वाटायचं.

---

१९४७ साली फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला. दिग्दर्शक आणि गीतकार पी. एल. संतोषी. त्यात एक गाणं होतं 'आना मेरी जान संडे के संडे'. मीना कपूर, शमशाद बेगम आणि चितळकर.

आज हे नाव ऐकून आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण तो काळ बघा. देश स्वतंत्र होतोय, फाळणीच्या बातम्या येतायत, आणि इकडं सिनेमाच्या गाण्यात शीळ वाजतेय. हिंदी वाक्यात इंग्रजी शब्द. तालात डान्स बँडचा ठेका. पाश्चात्त्य वाद्यं हिंदी सिनेमात त्याआधी नव्हती असं नाही, पण ती मागं असायची. इथं सगळं गाणंच त्या मजेवर उभं होतं. बड्या मंडळींनी नाकं मुरडली, पोरांनी गाणं पाठ केलं.

दोन वर्षांनी 'पतंगा'. त्यात 'मेरे पिया गये रंगून'. टेलिफोनवरचं गाणं, शमशाद बेगम आणि पुन्हा चितळकर. गीतकार राजेंद्र कृष्ण. हे गाणं नीट ऐकलं तर कारखान्याची रेसिपी समजते. एक नवी वस्तू घ्या, इथं टेलिफोन. तिच्याभोवती एक साधी चेष्टा रचा. ओळ एवढी सोपी ठेवा की दुसऱ्यांदा ऐकताना माणूस बरोबर म्हणायला लागेल. आणि सगळं तीन-सव्वातीन मिनिटांत बसवा. हे शेवटचं कलेसाठी नव्हतं. ७८ च्या रेकॉर्डच्या एका बाजूला तेवढंच मावायचं.

या कारखान्यात कामं कशी वाटलेली होती, ते नीट समजून घ्यायला हवं. कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

चाल अण्णांची. शब्द राजेंद्र कृष्ण किंवा संतोषींचे. पण सॅक्सोफोन कुठं घुसणार, ट्रम्पेट कुठं ओरडणार, गिटारनं कुठला ठेका धरायचा, हे कागदावर उतरवायला पाश्चात्त्य नोटेशन लिहिता-वाचता येणारा माणूस लागायचा. आपल्या शास्त्रीय गाण्यात तशी लिहून वाजवायची पद्धत नाही. तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी वाजवायला लावायचं तर तोंडी सांगून भागत नाही.

ती माणसं आली गोव्याहून. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणापासून व्हायोलिन आणि नोटेशन शिकवायचे. ही पोरं पुढं मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत डान्स बँडमध्ये वाजवायला लागली. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. जिथं दारू नाही तिथं रात्रीचं गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तिथं बँड कशाला? वादकांची मोठी फौज फिल्म स्टुडिओंकडं वळली. म्हणजे सरकारनं दारू बंद केली आणि जॅझ सिनेमात शिरला. सरकारी निर्णयाचे असे आडवे परिणाम फार मजेशीर असतात.

अण्णांच्या बाजूला यातली दोन माणसं कायम होती. एक जॉनी गोम्स. दुसरा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. हळदोण्याचा (अल्डोना) हा ट्रम्पेटवाला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड चालवायचा. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. अण्णा स्वतः बेनी गुडमनच्या संगीतानं भारावलेले. ऑल्टो सॅक्स, गिटार आणि माउथ ऑर्गन असं मिश्रण त्यांनी हिंदी गाण्यात आणलं, आणि ते प्रत्यक्षात वाजवून, लिहून देणारी माणसं ही होती.

आणि हे सगळं एकदमच रेकॉर्ड व्हायचं बरं का. आजच्यासारखं गायक सकाळी येऊन गाऊन गेला, गिटारवाला संध्याकाळी आला, असं नाही. गायक आणि सगळे वादक एका हॉलमध्ये, मोजके माइक. शेवटच्या कडव्यात कुणाचा सूर हलला की पहिल्यापासून सुरू.

१९५० चा 'समाधी' बघा. नेताजींच्या आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा गंभीर सिनेमा, आणि त्यात लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकींचं 'गोरे गोरे ओ बाँके छोरे'. देशभर वाजलं. पण त्याची चाल 'चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको' या १९४५ च्या हॉलिवूड सिनेमातल्या गाण्यावरून घेतलेली. हे लपवण्यात काही अर्थ नाही. अण्णांचे चाहते याला प्रेरणा म्हणतात, मी उचललं म्हणेन. मात्र ज्यांनी दोन्ही गाणी ऐकली असतील त्यांना एक फरक जाणवेल. मूळ गाण्यात मस्ती आहे ती परदेशी बंदरावरची. हिंदी गाण्यात ती गल्लीतल्या पोरींची छेडाछेडी झालीय. उचललेली वस्तू आपल्या घरात शोभावी म्हणून तिच्यावर जे काम करावं लागतं, ते अण्णांना जमायचं. सगळ्यांना जमत नाही.

---

आणि मग आला 'अलबेला'. साल १९५१.

भगवानदादांनी स्टंटपट सोडून सामाजिक सिनेमा काढावा असं राज कपूरनी सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. भगवाननी सगळं पणाला लावलं. दिग्दर्शक स्वतः, हिरो स्वतः. हिरो म्हणजे कसा? ठेंगणा, गोलमटोल, चेहऱ्यानं साधा. समोर गीता बाली. अशा माणसाला रोमँटिक गाण्यात उभं करायचं काम अण्णांवर आलं.

हिरोला नाचता येत नाही म्हणून हिरो बदलतात. इथं नाच बदलला. भगवानची ती संथ, खांदे हलवत, हात जरासे उचलत चालायची पद्धत आठवा. कुणालाही जमेल असा नाच. वरातीत काकांना जमतो तो नाच. अमिताभ बच्चनपासून कितीजणांनी तो उचलला. त्या नाचाला लागणारी जागा अण्णांच्या ठेक्यात होती. 'शोला जो भडके' ऐका. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्स एवढी सगळी फौज आहे, पण ठेका अजिबात धावत नाही. तो झुलतो. गळा चितळकरांचा आणि लता मंगेशकरांचा. चिक चॉकलेट आणि त्याचा बँड तर या सिनेमात पडद्यावरही दिसतो.

त्याच सिनेमात 'धीरे से आजा री अखियन में' ही अंगाई आहे, शुद्ध भारतीय वळणाची. 'शाम ढले खिडकी तले' हे चावट गाणंही आहे. एकाच तिकिटात नाच, छेडछाड आणि अंगाई. कॉलेजचं पोरगं, त्याची आई आणि गिरणीतला बाप, तिघांनाही घरी न्यायला काहीतरी मिळायचं. अमेरिकेत पुढं टीनेजर हा वेगळा बाजार म्हणून कापून काढला गेला, कारण तिथल्या पोरांच्या खिशात स्वतःचे पैसे होते आणि ते स्वतःची रेकॉर्ड विकत घेत होते. आपल्याकडच्या पोराकडं पैसे सिनेमाच्या तिकिटापुरतेच, तेही जमवून. त्यामुळं इथलं तरुणांचं गाणं सिनेमाच्या पोटातच वाढलं. वेगळ्या बँडचं पॉप संगीत आपल्याकडं इतकी वर्षं का उभं राहिलं नाही, याचं बरंचसं उत्तर या खिशात आहे.

सिनेमा तुफान चालला. भगवानदादांकडं पैसा आला आणि पुढच्या सिनेमांत गेलाही. शेवटची वर्षं त्यांनी दादरच्या चाळीत काढली. २००२ साली ते गेले. २०१६ साली त्यांच्यावर मराठीत 'एक अलबेला' निघाला, तोपर्यंत नव्या पिढीला हा माणूस माहीतच नव्हता.

---

'अलबेला' गाजत असतानाच दिल्लीत एक मराठी माणूस माहिती व नभोवाणी मंत्री झाला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे. १९५२ साली.

केसकरांना शास्त्रीय संगीताचा अभिमान होता आणि सिनेमाची गाणी, त्यातही ही पाश्चात्त्य ठेक्याची गाणी, तरुणांची चव बिघडवतात असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना कात्री लागली, गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगणं बंद झालं. निर्मात्यांनी चिडून परवाने काढून घेतले. परिणाम असा की, सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळपास गायबच झाली.

मग लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींचं 'बिनाका गीतमाला' सुरू झालं आणि बुधवारची रात्र राखीव झाली. कोलंबोहून शॉर्टवेव्हवर, खरखर करत येणारी मुंबईची गाणी देशभर ऐकली जायला लागली. पोरांना एखादी गोष्ट ऐकू नका म्हटलं की काय होतं, हे केसकरांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

म्हणजे पुण्यात विनायकबुवांकडं शिकलेला एक मराठी माणूस पोरांसाठी सॅक्सोफोन वाजवत होता, आणि पुण्यातलाच दुसरा मराठी माणूस ते रेडिओवरून काढत होता. दोघांनाही शास्त्रीय गाण्याबद्दल मनापासून प्रेम होतं, हे विशेष. अण्णांचं प्रेम बघायचं तर १९५३ चा 'अनारकली' बघा. तीच पेटी, तोच माणूस, आणि गाणी अशी की ठेकेबाज सी. रामचंद्र ते हेच का, असा प्रश्न पडावा. मला विचाराल तर अण्णांना 'पाश्चात्त्य वळणाचे संगीतकार' म्हणून मोकळं होणारे लोक 'अनारकली' ऐकत नाहीत, आणि फक्त 'अनारकली'चं कौतुक करणारे लोक 'अलबेला'ला लाजतात. दोघंही अर्धेच अण्णा घेऊन बसलेत.

कारखान्याचा वेग बघायचा तर 'आझाद'चा किस्सा. दिलीप कुमार आणि मीना कुमारीचा १९५५ चा सिनेमा, निर्माते कोइमतूरचे श्रीरामुलू नायडू. त्यांना सगळी गाणी महिन्याभरात हवी होती. नौशाद यांनी नकार दिला असं सांगतात. अण्णांनी होकार दिला आणि काम पूर्ण करून दाखवलं. त्यातलं 'कितना हसीं है मौसम' हे लताबाईंबरोबरचं गाणं तर त्यांनी स्वतःच गाऊन टाकलं, आणि तेही असं मुलायम की आजही लोकांना तो आवाज तलत महमूदचा वाटतो.

---

१९५७. दिग्दर्शक एम. व्ही. रामन यांचा 'आशा'. किशोर कुमार आणि वैजयंतीमाला. अमेरिकेत बिल हॅलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' येऊन दोन-तीन वर्षं झालेली, एल्विसचं वेड सुरू झालेलं.

गाण्याचा जन्म असा सांगतात. अण्णांची बैठक चालली होती. बाहेर पोरं खेळत होती, आपल्याकडं अटक मटक म्हणत गडी निवडतात तसं त्यांचं इंग्रजी 'ईनी मीनी मायनी मो' चाललेलं. अण्णांनी आणि त्यांच्या माणसांनी ते उचललं आणि त्याचं 'ईना मीना डीका' केलं. जॉनी गोम्सनी त्याला आपल्या कोकणीतलं 'माका नाका' जोडलं. माका नाका म्हणजे मला नको. राजेंद्र कृष्णांच्या नावावर गीत लागलं आणि पुण्या-मुंबईच्याच काय, साऱ्या देशातल्या पोरांनी एक कोकणी वाक्य अर्थ माहीत नसताना पाठ केलं.

किशोर कुमारनी गायलेलं आणि आशा भोसलेंनी गायलेलं अशी त्याची दोन रूपं. किशोरचं जास्त गाजलं. त्याच्या आधी हिंदी सिनेमात रॉक अँड रोलचा ठेका इतक्या उघडपणे, इतक्या मजेत कुणी वाजवला नव्हता. शब्दांना अर्थ नाही म्हणून टीका झाली. पण अर्थ नसणं हीच त्या गाण्याची ताकद आहे. आमच्या गोंदियात अर्धं गाव हिंदी बोलतं, अर्धं मराठी, बाजूच्या गावांत झाडीबोली, आणि लग्नाच्या वरातीत बँडवाल्यानं 'ईना मीना डीका' काढलं की कुणालाच भाषांतर लागत नाही.

---

याच सुमारास एक तार तुटली. अण्णांच्या चालींचा सगळ्यात मोठा आवाज होता लता मंगेशकरांचा. दहा वर्षं दोघांनी एकमेकांकडून उत्तमोत्तम काम काढून घेतलं होतं. पन्नाशीचं दशक संपता संपता दोघांत वितुष्ट आलं. कारणांबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय, त्यात मला पडायचं नाही. परिणाम तेवढा स्पष्ट दिसतो. १९५९ च्या व्ही. शांतारामांच्या 'नवरंग'मध्ये आवाज आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांचे, आणि स्वतः अण्णांचा. संगीत गाजलं. पण त्यानंतर कामाचा ओघ आटत गेला. पोरांच्या गाण्याचा बाजार शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्याकडं सरकला, मग आर. डी. बर्मन आले. पॉपच्या धंद्याचा हा नियम जगभर सारखाच दिसतो. गिऱ्हाईक कायम अठरा वर्षांचं राहतं, बनवणारा चाळिशीत जातो.

मधे अण्णांनी निर्माता होऊनही बघितलं होतं. १९५३ साली न्यू साई प्रॉडक्शन्स काढून 'झांझर', 'लहरें' आणि पुढं 'दुनिया गोल है' असे सिनेमे केले. फारसे चालले नाहीत.

२७ जानेवारी १९६३ ला मात्र दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पुन्हा एकदा सगळं जुळून आलं. चीन युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगों', चाल अण्णांची, आवाज लताबाईंचा. आधी ते आशा भोसलेंकडून गाऊन घ्यायचं ठरलं होतं, मग दोघी बहिणी गाणार असं झालं, आणि शेवटी लताबाई एकट्याच गायल्या. समोर पंतप्रधान नेहरू बसले होते. त्यांचे डोळे भरून आले, हे तर सगळा देश सांगतो. ज्या माणसानं देशाला निरर्थक शब्दांवर नाचवलं, त्याचीच ही चाल आहे हे आजही कित्येकांना खरं वाटत नाही.

मराठीत त्यांनी ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या. आणि १९७० च्या 'घरकुल'मध्ये जुना कारखाना शेवटचा जोरात चालला. 'पप्पा सांगा कुणाचे' त्यातलंच, चार भिंतींच्या आतलं, लहान पोरांचं. आणि त्याच सिनेमात फैयाज यांनी गायलेलं 'हाऊस ऑफ बांबू', इंग्रजी गाण्यावरून उचलून मराठीत बसवलेलं, क्लबातलं, झिंगलेलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी या माणसाला अजून तेच दोन्ही हात चालवता येत होते.

१९७७ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, 'माझ्या जीवनाची सरगम'. आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. त्याचा अण्णांशी थेट संबंध नव्हता, पण अण्णांसारख्या प्रत्येकाशी होता. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस विरुद्ध सिनेमा निर्माते असा तो खटला. निकाल असा की, सिनेमासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. वेगळा करार केला नसेल तर संगीतकाराला एकदा मेहनताना मिळाला, विषय संपला. गाणं रेडिओवर वाजो, हॉटेलात वाजो नाहीतर वरातीत.

५ जानेवारी १९८२ ला मुंबईत अण्णा गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. त्याच्या आदल्याच वर्षी बिद्दू या संगीतकारानं नाझिया हसन या किशोरवयीन मुलीला घेऊन 'डिस्को दीवाने' काढलं होतं. सिनेमाच्या बाहेर, स्वतंत्र अल्बम, आणि तो धडाधड विकला गेला. मागं निर्माता-संगीतकार आणि पुढं पोरवयाचा चेहरा, असा उघड कारखाना भारतात सुरू झाला तेव्हा अण्णांच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष चाललं होतं.

कायदा बदलला २०१२ साली. तेव्हाच्या दुरुस्तीनं ठरलं की, गीतकार आणि संगीतकार यांना सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं की रॉयल्टीचा वाटा मिळेल, आणि तो हक्क करारात लिहून घेऊनही कुणाला काढून घेता येणार नाही. अण्णांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. चिक चॉकलेटला तर पंचेचाळीस. आणि कायद्यानं ज्यांची नावं घेतली ते गीतकार नि संगीतकार. 'माका नाका' देणाऱ्या जॉनी गोम्सचं काम त्या दोन्ही खुर्च्यांत बसत नव्हतं.